नवी पोरं टिकवायची तर आधी जुन्या सेटरांशी बोलावं लागेल का?

फोरमन_भोसरी

आमच्या भोसरीच्या युनिटमध्ये टर्निंग आणि मिलिंगचे जॉब होतात. सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ जास्त, व्हीएमसी (मिलिंगची तशीच मशीन) थोड्या. माणसं तीन वयांची आहेत. पन्नाशी ओलांडलेले सेटर, म्हणजे प्रत्येक जॉबसाठी मशीन जुळवून देणारे, साध्या लेथवर हात बसवून मग फॅनक हा सीएनसीचा कंट्रोल शिकले. सुपरवायझर पस्तीस-चाळिशीतले, बहुतेक डिप्लोमावाले. आणि विशी-बाविशीची आयटीआय झालेली पोरं, बीड, लातूर, परभणी, नांदेडकडून आलेली, खोलीत चार-पाच जण मिळून राहणारी.

ही पोरं टिकत नाहीत, अशी ओरड एमआयडीसीत कुठेही चहाला गेलं तरी ऐकू येते. उपाय म्हणून वाढदिवसाला केक, महिन्याचा उत्कृष्ट कामगार, टी-शर्ट, क्रिकेटचे सामने असं बरंच चालतं. मी त्याच्या विरोधात नाही. पोरं सामने खेळतात, केक खातात आणि दिवाळीला गावी गेली की परत येत नाहीत.

माझं निरीक्षण असं की सोडून जाणारा पोरगा बहुधा दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात जातो. पहिल्या महिन्यात सगळं नवं असतं. दुसऱ्या महिन्यात त्याच्या लक्षात येतं की आपलं काम जॉब चकमध्ये लावायचा, दार बंद करायचं, हिरवं बटण दाबायचं आणि सायकल संपली की जॉब काढून गेज लावायचं एवढंच आहे. सेटिंग बदलायची वेळ आली की सेटर येतो, पोराला सांगतो, "जा, कूलंट भरून आण." पोरगा परत येईपर्यंत ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाचे आकडे, मशीनमध्ये टाकून झालेले असतात. हे मी एका माणसाबद्दल बोलत नाही. आमच्या धंद्यात सर्रास असंच चालतं.

म्हणून माझा प्रश्न वेगळा आहे. नव्या पोरांचा उत्साह टिकवण्याचं काम खरं तर जुन्या माणसांपासून सुरू करायला हवं का? तुमच्याकडे काय चालतं, काय फसलं, ते सविस्तर लिहा.

टूलरूमवाला

उत्तम विषय. मी पिंपरीच्या एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममधून निवृत्त झालो. त्या सेटरच्या बाजूने लिहितो, कारण त्याची बाजू कोणी मांडत नाही.

आम्ही शिकलो ते मार खाऊन. आमचे उस्ताद मायक्रोमीटर हातात द्यायचे नाहीत, नुसतं बघायला लावायचे. ती पद्धत चांगली होती असं मी म्हणणार नाही. पण १९९० नंतरची वर्षं आठवा. पुणे-पिंपरीत एकामागून एक व्हीआरएसच्या, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीच्या, योजना आल्या. पंचेचाळिशीतला निष्णात माणूस घरी गेला आणि त्याच्या मशीनवर ठेकेदाराचा पोरगा उभा राहिला. आम्ही ते जवळून पाहिलं. ज्याच्याकडे काही दडवलेलं होतं, त्याला मात्र कंपनीने थांबवून घेतलं. ग्राइंडिंगचं एखादं फिक्स्चर (जॉब धरायची चौकट) फक्त त्यालाच लावता यायचं, म्हणून.

आजच्या पन्नाशीतल्या सेटरच्या खिशात जी छोटी डायरी आहे ना, तिच्यात कुठल्या जॉबला कुठला इन्सर्ट, किती फीड, टेपर येत असेल तर कुठे किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) द्यायचे हे सगळं लिहिलेलं असतं. ती डायरी त्याची नोकरी आहे. ती तो का उघडेल? त्याच्या मुलीचं लग्न व्हायचंय, घराचा हप्ता चालू आहे. त्याला कोणी लेखी सांगितलंय का, की पोरगा शिकला तरी तुला हात लावणार नाही?

व्हीएमसीवाला

मी आयटीआय मशिनिस्ट. वय चोवीस. गाव माजलगाव तालुक्यात. चाकणला दोन कंपन्या झाल्या, आता तळवड्याला आहे. काकांनी लिहिलेलं वाचून पहिल्यांदा कळालं की ते डायरी का लपवतात. मला वाटायचं आमच्यावर राग आहे.

आमची बाजू सांगतो. मी ठेकेदारामार्फत लागलो. सात महिने झाले की ब्रेक. का, तर २४० दिवस भरू द्यायचे नाहीत, नाहीतर पोरगा कायम होण्याचा हक्क मागेल. ब्रेकनंतर परत घेतील की नाही हे सुपरवायझरला पण माहीत नसतं. आणि मीटिंगमध्ये सांगतात, "मशीन आपली समजून काम करा." सात महिन्यांनी ज्या मशीनवरून उठायचंय ती आपली कशी समजायची, सांगा.

दुसरं, खोलीवरचा एक मित्र डिलिव्हरीचं काम करतो. पैसे माझ्यापेक्षा जास्त दिसतात. पेट्रोल आणि गाडीचा खर्च धरला तर फार फरक नाही, हे मला कळतं. पण त्याला रोज संध्याकाळी मोबाइलवर दिसतं आज किती कमावले. मला पगाराच्या स्लिपमधलं निम्मं समजत नाही आणि विचारलं तर ठेकेदाराचा माणूस म्हणतो, "नंतर ये."

सेटिंग शिकवा, मी दोन हजार कमी घेऊन पण थांबतो. मनापासून सांगतो. कारण सेटर झालो तर कुठे पण काम मिळतं. नुसतं लोडिंग-अनलोडिंग पाच वर्षं केलं तर पाच वर्षांनी पण मी हेल्परच.

अनुभवी_माणूस

सगळं मान्य, पण एक बाजू राहतेय. आजकालच्या पोरांना कष्ट नकोत. दर दहा मिनिटांनी मोबाइल. जरा आवाज चढवला की दुसऱ्या दिवशी येत नाहीत. आमच्या वेळी डबल पाळी करून सायकलने घरी जायचो. या पिढीचं असंच आहे.

फोरमन_भोसरी

@अनुभवी_माणूस, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे. पण उसाच्या फडावर आई-बापाबरोबर कोयता धरलेला पोरगा आमच्याकडे उन्हाळ्यात शेडखाली बारा तास उभा राहतो. त्याला कष्ट नकोत हे मला पटत नाही. 'जेन झी' वगैरे शब्दांनीही फार काही हाती लागत नाही. बाणेरच्या सोसायटीत वाढलेला बाविशीचा मुलगा आणि माजलगावहून आलेला बाविशीचा मुलगा यांचं वय सोडलं तर नोकरीच्या बाबतीत काय सारखं आहे?

मला खरा फरक वेगळाच दिसतो. तुमच्या-माझ्या पिढीत भोसरीत लागलेला जवळपास प्रत्येक जण कोणाच्या तरी ओळखीने लागला. चुलता, मामा, गावचा कोणीतरी आधीच कंपनीत होता. त्यानेच साहेबांना शब्द दिलेला असायचा. आपण दांडी मारली तर तो खोलीवर येऊन दम द्यायचा. आणि आपल्यावर अन्याय झाला तर तोच युनियनच्या माणसाकडे घेऊन जायचा. पीएफचा फॉर्म त्यानेच भरून दिला, जेवणाची खानावळ त्यानेच लावून दिली. म्हणजे धाक आणि आधार एकाच माणसाकडून मिळायचा.

आजचा पोरगा व्हॉट्सअॅपवर आलेल्या 'चाकण येथे त्वरित भरती' अशा निरोपावरून येतो. गेटवर ठेकेदाराचा माणूस आधार कार्डाची झेरॉक्स घेतो आणि आत पाठवतो. आत त्याचं कोणीच नसतं. ओरडा खाल्ल्यावर जेवणाच्या सुट्टीत कुणाशी बोलायचं, हेच त्याला माहीत नसतं. तो दुसऱ्या दिवशी येत नाही, कारण न येण्याने कोणाचाच शब्द मोडत नाही.

टूलरूमवाला

फोरमनसाहेब, हे तुम्ही अगदी वर्मावर बोट ठेवलंत. मला आत घेऊन गेला तो माझा थोरला मेहुणा. तीन वर्षं त्याच्या भीतीने मी एक खाडा केला नाही.

एचआर_चाकण

मी एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. काही गोष्टी स्पष्ट लिहिते.

पगार हा पहिला मुद्दा आहे. तो न बोलता 'प्रेरणा' या विषयावर कितीही बोललो तरी मुलांना ते पोकळच वाटतं. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने द्यायचा असतो. तो एकेरी दराने देणाऱ्या कंपनीने निष्ठेवर भाषण देऊ नये.

अॅप्रेंटिस मुलांबद्दल तर फारच गैरसमज आहेत. १९६१ च्या अॅप्रेंटिस कायद्याप्रमाणे तो शिकाऊ आहे, कामगार नाही. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अॅप्रेंटिस घ्यावेच लागतात. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय योजनेत त्याच्या विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देतं. अॅप्रेंटिस सल्लागाराच्या परवानगीशिवाय त्याला ओव्हरटाइमला थांबवता येत नाही. तरीही लोक त्याला स्वस्तातला ऑपरेटर म्हणून मशीनवर उभा करतात. वर्षभरात तो जे शिकायला आला ते शिकतच नाही आणि मग आपणच म्हणतो, आयटीआयच्या पोरांना काही येत नाही. राज्य सरकारच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतल्या मुलांचंही अनेक ठिकाणी असंच झालं. बारावी झालेल्याला ६०००, आयटीआय-पदविकावाल्याला ८०००, पदवीधराला १०००० रुपये विद्यावेतन मिळालं. पण कुणाच्या हाताखाली काय शिकायचं हे ठरवलेलं नसेल तर तो मुलगा फाइली इकडून तिकडे नेत बसतो.

व्हीएमसीवाला, तुमच्यासाठी: नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांत नेमणूक पत्र प्रत्येक कामगाराला द्यायचं आहे. ते तुम्ही मागा, नम्रपणे पण नक्की मागा. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीत एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्कही आहे. पगाराच्या स्लिपमधला पीएफचा आकडा तुमच्या यूएएन (पीएफ क्रमांकाच्या) खात्यात खरंच जमा होतो का, हे मोबाइलवर बघता येतं. बघायला शिका आणि खोलीवरच्या बाकीच्यांनाही शिकवा.

आणि फोरमन, सोडून जाताना कारण विचारण्यात काही अर्थ नाही. सगळे 'घरची अडचण' असंच लिहितात. मी तिसऱ्या महिन्यात, नोकरीत असतानाच विचारते: काय आवडत नाही, काय शिकायचंय, बस वेळेवर येते का? अनेकदा उत्तर अगदी साधं असतं. पाळी बदलल्याचं आदल्या रात्री अकरा वाजता ग्रुपवर कळतं. किंवा रात्रपाळीला मिळणारी भाजी दुपारची असते. हे आठवड्यात सुधारता येतं.

शिरोली_फाउंड्री

मी मालक आहे, छोटी फाउंड्री, कोल्हापूरजवळ शिरोलीत. मालकाची बाजू पण ऐका.

आमच्यात भट्टीजवळ काम म्हटल्यावर लोकल पोरगं यायलाच तयार नसतंय. मोल्डिंगला (वाळूचे साचे करायला), फेटलिंगला (ओतलेले भाग साफ करायला) सगळी बाहेरच्या राज्यातली माणसं. जी चार-दोन गावातली पोरं येतात, त्यांना शिकवलं की ती दुसरीकडं दोन हजार जास्त देतील तिकडं जातात. मग शिकवायचं कुणासाठी? कास्टिंगमध्ये ब्लोहोल (हवेची पोकळी) का येतो, वाळूत ओल किती पाहिजे, हे समजायला दोन वर्षं जातात. ती दोन वर्षं मी सोसायची आणि फायदा शेजाऱ्याचा.

पण एक सांगतो. आमच्या कोल्हापूरला हा धंदा असाच वाढला. उद्यमनगरात एका मिस्त्रीच्या हाताखाली पोरगं राहिलं, शिकलं, बाहेर पडलं, स्वतःचा लेथ टाकला. माझे वडील तसेच. किर्लोस्करांचं उदाहरण घरात नेहमी निघायचं. लक्ष्मणराव स्वतः मुंबईच्या व्हीजेटीआयत शिक्षक होते, बढती डावलली म्हणून बाहेर पडले. १९१० ला कुंडल रोडच्या माळावर कारखाना काढला, तेव्हा शिकलेली तयार माणसं तिथं कोण येणार होती? हाताशी होती ती माणसं घडवली. रात्रीच्या राखणीला तुरुंग बघून आलेली माणसं ठेवली आणि त्यांनी विश्वास राखला. त्यामुळं शिकवायचंच नाही असं मी म्हणत नाही. शिकवलेलं टिकवायचं कसं, ते सांगा.

व्हीएमसीवाला

मालक, राग मानू नका. शिकवल्यावर सोडून जातो तो दोन हजारांसाठी जातो हे खरंय. पण बऱ्याच वेळा असं होतं की पोरगं शिकून ऑपरेटरचा सेटर होतं आणि पगार ऑपरेटरचाच राहतो. बाहेर गेल्याशिवाय कोणी सेटर म्हणतच नाही. मग जावंच लागतं.

आमच्याकडे एकाला सेटिंग येत होतं. साहेब त्याच्याकडून सेटिंग करून घ्यायचे आणि रजिस्टरला ऑपरेटर लिहायचे. तो गेल्यावर नवीन सेटर त्याच्या दीडपट पगारावर आणला.

स्टुटगार्टकर

मूळचा सांगलीचा, सध्या जर्मनीत एका मशीन बनवणाऱ्या कंपनीत. इथली पद्धत थोडक्यात सांगतो, जशीच्या तशी उचला असं म्हणत नाही.

इथे आपल्या टर्नर-मशिनिस्टसारख्या कामाचं शिक्षण साडेतीन वर्षांचं. आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा, बाकी दिवस कंपनीत. पहिल्या दिवशीच करार होतो, विद्यावेतन वर्षागणिक वाढतं आणि परीक्षा कंपनी घेत नाही, बाहेरचं उद्योग मंडळ घेतं. त्यामुळे 'याला येतं का' हा वाद राहत नाही. मुलगा दर आठवड्याला काय शिकलो ते वहीत लिहितो आणि प्रशिक्षक त्यावर सही करतो.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की शिकवणाऱ्यालाही परीक्षा द्यावी लागते. उत्तम कारागीर आहे म्हणून त्याला आपोआप शिकवता येतं असं इथे गृहीत धरत नाहीत. ती पात्रता मिळाली की त्याचा मान वाढतो. आमच्या विभागात साठीकडे झुकलेला एक जण आहे. मशीनवर तो आता कमी उभा राहतो, पण मुलं कुठल्याही साहेबाआधी त्याच्याकडे जातात.

तरीही इथे सगळं गोड आहे असं नाही. शिकाऊंच्या जागा रिकाम्या राहतात. कंपन्या शाळांत जाऊन मुलांना बोलावतात.

गेज_आणि_ग्राफ

मी आयटीआय फिटर, मुलगी. रांजणगावला लाइन इन्स्पेक्शनला आहे. या चर्चेत सगळे 'पोरं' म्हणतायत, म्हणून लिहायलाच हवं. माझ्या बॅचच्या मुलींना बहुतेक ठिकाणी असेंब्ली किंवा तपासणीला ठेवतात. मशीन सेटिंगला कोणी विचारतच नाही. रात्रपाळीचं कारण देतात. बस दारापर्यंत असेल आणि पाळीत आम्ही चार-पाच जणी असू, तर त्यातल्या बऱ्याच जणी तयार होतील. आधी विचारा तरी.

आमच्या एका वयस्कर सुपरवायझरनी मला सीएमएम (मापं तपासायचं) मशीन शिकवलं. ते रोज जेवणानंतर पंधरा मिनिटं द्यायचे आणि ड्रॉइंगवरची एक खूण समजावून सांगायचे. २५ एच ७ चं बोअर म्हणजे पंचवीस मिलिमीटरच्या भोकाला शून्य ते अधिक एकवीस मायक्रॉनची सूट, हे पाठ नव्हतं करून घेतलं. बेअरिंग बसताना काय होतं ते हातात देऊन दाखवलं. मी अजून तिथेच आहे, त्यांच्यामुळे.

पतसंस्थावाली

कारखान्याशी संबंध नाही, पण आमच्याकडेही तंतोतंत हेच. कर्ज विभागातल्या जुन्या काकांना प्रत्येक कर्जदाराचं घराणं पाठ, नव्या मुलींना संगणक प्रणाली पाठ. दोघं एकाच टेबलावर बसायला लागली, तेव्हापासून वसुलीच्या नोटिसा वेळेवर जातात. वाचतेय, लिहा.

फोरमन_भोसरी

सगळ्यांचे आभार. आता आमच्याकडे काय चालू आहे ते लिहितो, कारण टूलरूमवाले, शिरोलीकर आणि व्हीएमसीवाला तिघांचे प्रश्न एकात एक गुंतलेले आहेत.

सुरुवात जुन्या सेटरांपासून केली. मालकांना बरोबर घेऊन प्रत्येक सेटरशी वेगळं बोललो आणि दोन गोष्टी लेखी दिल्या. एक, पोरगा शिकला या कारणाने कोणाला कमी केलं जाणार नाही. दोन, निवृत्तीनंतर ज्याला हवं असेल त्याला पुढे अर्ध्या दिवसाचं शिकवण्याचं काम, मानधनावर. मालकांना हे पटवायला वेळ लागला. पण हिशोब मांडल्यावर पटलं. एक सेटर आजारी पडला की तीन मशीन बंद राहतात. त्या तोट्यापुढे हे मानधन काहीच नाही.

मग शिकवण्याचा भत्ता. महिन्याला सरसकट नाही, कारण तो पगाराचा भाग होऊन विसरला जातो. पोरगा एक ठरावीक जॉब एकट्याने सेट करून दाखवेल, तेव्हा त्याच्या सेटरला रक्कम. परीक्षा सेटर घेत नाही आणि मीही घेत नाही, क्वालिटीवाला घेतो. पहिला पीस तो तपासतो, ड्रॉइंगप्रमाणे पास झाला तर पास. स्टुटगार्टकरांनी बाहेरच्या परीक्षेचं लिहिलं ते म्हणूनच फार पटलं.

शिरोलीकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर व्हीएमसीवाल्याने दिलंय. आम्ही शॉपवर एक तक्ता लावला. उभ्या ओळीत नावं, आडव्या ओळीत मशीन. प्रत्येक चौकोनात एक गोल, त्याचे चार भाग. पहिला भाग भरला म्हणजे काम माहीत आहे, दुसरा म्हणजे कोणी बाजूला असताना करतो, तिसरा म्हणजे एकट्याने करतो, चौथा म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. अनेक कंपन्यांत असा तक्ता ऑडिटसाठी लावतात आणि ऑडिट झालं की विसरतात. आम्ही त्याला पगार जोडला. तिसरा भाग भरला की पुढच्या महिन्यापासून किती वाढ, हे तक्त्याखालीच लिहिलंय. पोराला बाहेर न जाता सेटर होता आलं पाहिजे आणि ते सगळ्यांना दिसलं पाहिजे. तरीही काही जण जातील. पण वर्षभर सेटिंग करून गेलेला पोरगा आपल्याबद्दल चाकणमध्ये चांगलं बोलतो आणि गावाकडचा दुसरा पोरगा आपल्याकडे पाठवतो. तुटलेली ओळखीची साखळी अशी परत जुळते.

शिकवायचं कसं याबद्दल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांतली माणसं सैन्यात गेली आणि नवख्यांना झटपट तयार करावं लागलं. तेव्हा टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) नावाची पद्धत निघाली, पुढे ती जपानमध्ये टोयोटाने उचलली. आधी शिकणाऱ्याला निवांत करा, मग काम टप्प्याटप्प्याने करून दाखवा आणि प्रत्येक टप्पा का, ते सांगा, मग त्याच्याकडून करवून घ्या आणि तोंडाने बोलायला लावा, मग सोडून द्या पण अधूनमधून बघत राहा. त्यात एक वाक्य होतं, शिकणारा शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलंच नाही. आमच्या सेटरांना सगळ्यात अवघड जातो तो 'का' सांगण्याचा भाग. जुन्या फॅनकवर एक्स ५० लिहून पॉइंट (दशांशचिन्ह) द्यायला विसरलं तर मशीन ते पन्नास मिलिमीटर न धरता पन्नास मायक्रॉन धरतं आणि टूल ठोकतं. सेटर म्हणतो, "पॉइंट विसरू नको म्हणून सांगितलं होतं ना?" पण मशीन आकडा कसा वाचतं हे एकदा दाखवलं तर पोरगा जन्मात विसरत नाही.

आणि रिजेक्शन. हा माझ्या दृष्टीने सगळ्यात नाजूक भाग. पोरगा खराब पीस का लपवतो? बरच्या (धातूच्या कातणाच्या) डब्यात खाली का ढकलतो? कारण दाखवला तर सगळ्यांसमोर आईबापाचा उद्धार होतो. आम्ही नियम केला: खराब पीससाठी ठेवलेल्या लाल डब्यात स्वतःहून टाकलेल्या पीसवर कोणी ओरडायचं नाही, फक्त काय झालं ते लिहायचं. सुपरवायझरांना हे जड गेलं. सुरुवातीला लाल डबा भरायला लागला तेव्हा मालक घाबरले. मी त्यांना म्हटलं, हे पीस आधीही होते, फक्त ते गिऱ्हाइकाकडे सापडायचे.

टूलरूमवाला

लेखी दिलंत हे वाचून बरं वाटलं. तोंडी शब्दावर आमच्या पिढीचा विश्वास उरला नाही, त्याला कारणं आहेत.

एक सुचवतो. डायरी मागू नका. ती त्या माणसाची आहे. त्याऐवजी पोराला कोरी वही द्या आणि सेटरला सांगा, आज याला एक पान लिहून घेऊ दे. सांगणाऱ्याच्या तोंडून आणि लिहिणाऱ्याच्या हातून आलेलं ज्ञान दोघांचं होतं.

अनुभवी_माणूस

मोबाइलचं काय केलंत? त्यावर कोणी बोललं नाही.

फोरमन_भोसरी

चालू मशीनवर मोबाइल नाही, यात तडजोड नाही, बोटं जातात. पण मशीनवर अलार्म आला की पोरं त्याचा नंबर मोबाइलवर शोधून उपाय काढतात, हे मी पाहिलंय. म्हणून सुपरवायझरच्या टेबलाजवळ एक जागा ठरवली, तिथे उभं राहून बघायचं. घरून फोन आला तरी तिथेच. रात्री अकरानंतर ग्रुपवर कामाचा निरोप टाकायचा नाही, हे सुपरवायझरांना लागू. एचआर_चाकण यांनी पाळीबद्दल लिहिलंय, तेही आता गुरुवारच्या सुट्टीच्या आधी, बुधवारीच पूर्ण आठवड्याचं लावतो.

व्हीएमसीवाला

सर, तुमच्याकडे ब्रेक असतो का?

फोरमन_भोसरी

सरळ विचारलंस, सरळ सांगतो. ठेकेदारी पूर्ण बंद झालेली नाही, तो निर्णय माझ्या हातात नाही. पण तक्त्यावर तिसरा भाग भरलेल्या माणसाला ब्रेक द्यायचा नाही आणि त्याला ठेकेदाराकडून काढून कंपनीच्या हजेरीवर घ्यायचं, एवढं मालकांकडून मान्य करून घेतलंय. पहिली काही पोरं तशी आलीत. बाकीच्यांसाठी माझं मालकांशी बोलणं चालू आहे आणि ते मी सोडणार नाही. तुझ्या सध्याच्या ठिकाणी नेमणूक पत्र माग, ताईंनी लिहिलंय तसं. तोपर्यंत तुला कुठली मशीन येते, कुठला कंट्रोल, सेटिंग किती बघितलंय, हे मला निरोपात लिही.

शिरोली_फाउंड्री

तक्ता पगाराला जोडायचा, हे पटलं. आमच्याकडं मशीनऐवजी वाळू, कोअर, मेल्टिंग, फेटलिंग असे रकाने करतो. एक शंका. माझ्याकडचा सगळ्यात जुना मोल्डर लिहायला-वाचायला येत नसलेला आहे. त्याला शिकवणारा म्हणून कसं लावायचं?

टूलरूमवाला

मूठभर वाळू हातात दाबून ओल सांगणारा माणूस असणार तो. त्याला लिहायला लावूच नका. त्याच्याजवळ एक पोरगं कायमचं द्या, वाळू तपासायच्या वेळी दोघांनी एकत्र दाबून बघायची. आधी मिस्त्रींनी अंदाज सांगायचा, मग पोराने, मग प्रयोगशाळेचा आकडा. पोराने तिन्ही वहीत लिहायचं. दोन महिन्यांनी वही बघा आणि भत्ता मिस्त्रींच्या नावाने काढा.